काय विकायचं नाही, हे आधी विचारा : वनहक्काच्या गावांत संशोधनाला जाणाऱ्यांसाठी

चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचं लहानसं गाव आहे. २०१२ साली या गावाला सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. हक्क मिळाल्यावर गावानं स्वतः बांबू तोडून विकायला सुरुवात केली. गावातल्याच हातांना काम मिळालं, ग्रामसभेच्या खात्यात पैसा आला. आणि त्याच ग्रामसभेनं ठरवलं की तेंदूपत्ता, म्हणजे विडीचं पान, तोडायचा नाही. उन्हाळ्यात हमखास रोख पैसा देणारा पत्ता, पण नको. पानांसाठी तेंदू छाटावा लागतो, पाला चांगला फुटावा म्हणून जंगलाला आगी लावल्या जातात, आणि झाडाला धरायची ती फळं ना माणसाला मिळतात ना पाखराला.

व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मी हे सांगतो तेव्हा तो विचारतो, किती उत्पन्न बुडालं? पर्यावरण शिकणारी विद्यार्थिनी विचारते, जंगल किती वाढलं? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्या गावात या दोन गोष्टींच्या दोन वह्या नाहीत. बांबूला हो आणि तेंदूला नाही, हे एकाच ग्रामसभेनं म्हटलं. जंगल राखणं आणि जंगलावर धंदा उभा करणं हा तिथे एकच निर्णय असतो, आणि संशोधकानं पाहायचा असतो तो हाच.

गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट या भागांत वनोपजाच्या ग्रामसभा-उद्योगांवर प्रबंध लिहायला येणाऱ्या मुलामुलींबरोबर मी फिरतो. समाजकार्य, अर्थशास्त्र, व्यवस्थापन, वनस्पतिशास्त्र, कुठल्याही विभागातून आलात तरी सुरुवातीच्या अडचणी सारख्याच असतात. त्या टाळता याव्यात म्हणून ही वाट क्रमानं मांडतो आहे.

१. जाण्याआधी कायदा आणि शब्द पक्के करा

हे काम कंटाळवाणं आहे, पण ते न करता गावात गेलात तर पहिल्या दहा मिनिटांत कळून येतं.

वनहक्क कायदा २००६ चा. त्यात वैयक्तिक हक्क आहे, म्हणजे कसत असलेल्या जमिनीचा. आणि सामूहिक हक्क आहे, म्हणजे गावानं परंपरेनं वापरलेल्या आणि राखलेल्या जंगलाचा. तुमचा विषय दुसऱ्यात येतो. गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तू) गोळा करणं, वापरणं आणि विकणं हा हक्क कायद्यानं दिला आहे, आणि त्यासोबत जंगलाचं रक्षण, संवर्धन, व्यवस्थापन करण्याचा हक्कही. विकण्याचा आणि राखण्याचा अधिकार एकाच कलमात, कलम ३ मध्ये, शेजारी शेजारी बसले आहेत, हे लक्षात ठेवा. कलम ५ मध्ये तर रक्षणाचा अधिकार ग्रामसभेकडे स्पष्ट शब्दांत दिला आहे.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. ते वर्ष २००९. पण हक्क मिळाला तरी बांबू विकता येत नव्हता. २००६ च्या कायद्यानं बांबू गौण वनोपजात धरला होता, तर १९२७ च्या वन कायद्याच्या हिशेबात तो झाड ठरत होता, आणि वाहतूक परवाना द्यायचा कोणी यावर घोडं अडलं होतं. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या वतीनं गावचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती दिलं. कागदावरचा हक्क आणि बाजारात माल नेता येणं यांत दोन वर्षं गेली. कुठल्याही गावाचा अभ्यास करा, ही मधली वर्षं जरूर शोधा. उद्योजकता शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात त्यांना जागा नसते, पण गावाची खरी मेहनत तिथेच झालेली असते.

पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, १९९६ चा, आणि त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. तो फक्त राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्राला लागू आहे. वनहक्क कायद्याला ती अट नाही. तुमचं गाव पेसात येतं का, हे आधी तपासा.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो शब्द. ग्रामपंचायत म्हणजे ग्रामसभा नव्हे. एका ग्रामपंचायतीत चार-पाच गावं-पाडे असतात आणि वनहक्काच्या कामात प्रत्येकाची ग्रामसभा स्वतंत्र असू शकते. ही चूक मी स्वतः केली आहे. पहिल्या खेपेला सरपंचांची सही-शिक्का असलेलं पत्र घेऊन एका गावात गेलो, दोन दिवस प्रश्न विचारत फिरलो. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या बाबांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही त्या गावाला विचारलं. आमच्या गावाला कोणी विचारलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. भरलेल्या प्रश्नावल्या तिथेच ठेवल्या आणि पुढच्या ग्रामसभेपर्यंत थांबलो.

तसंच वनहक्क समिती, वनविभागाबरोबरची संयुक्त वन व्यवस्थापन समिती, जैवविविधता व्यवस्थापन समिती या तिन्हींत नावं तीच असू शकतात, पण अधिकार वेगवेगळ्या कायद्यांतून आलेले असतात. प्रबंधात सरसकट 'वन समिती' लिहू नका.

जुने प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर मिळतात. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं ग्रंथालय पाहा. जुन्या मध्य प्रांतातल्या गावांसाठी निस्तार हक्कांच्या नोंदी महत्त्वाच्या आहेत. जंगलातून काय आणायची गावाला मुभा होती, हे त्यांत लिहिलेलं असतं. आजचा हक्क कशाच्या पायावर उभा आहे, ते त्यातून समजतं.

२. विषय म्हणून एक वनोपज घ्या

'आदिवासींचं पारंपरिक ज्ञान आणि उद्योजकता' असा विषय घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला मी एकच सांगतो : एक वस्तू निवड. मोहफूल, तेंदू, बांबू, हिरडा, चारोळी, मध, डिंक, सीताफळ, कुठलीही. वस्तू हातात असली की प्रश्न आपोआप बारीक होतात, आणि गावकऱ्यांनाही बोलायला काही ठोस मिळतं.

प्रत्येक वस्तूचा स्वभाव वेगळा असतो. चारोळीचं पाहा. झाड कोणाचं नसेल तर जो आधी जाईल त्याची फळं. मग लोक कच्चीच तोडतात, फांद्यांसकट तोडतात, भाव पडतो आणि झाडही जातं. ग्रामसभेनं तोडीची तारीख ठरवली तर तेच झाड टिकतं आणि तेच फळ महाग जातं. हा एक नियम अभ्यासायला घेतला तरी एका प्रबंधापुरता विषय होतो. डिंकासाठी खोल घाव घातले तर झाड मरतं. आग्यामोहोळ जाळून मध काढला तर पुढच्या वर्षी पोळंच नसतं. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबं हिरडा कोवळाच तोडून वाळवतात, कारण बाळहिरड्याला भाव जास्त. तिथे पिकू द्या हा सल्लाच लागू पडत नाही. म्हणून बाहेरून आणलेलं सूत्र आधी बाजूला ठेवा.

बांबूत निसर्गानंच वेळापत्रक घालून दिलं आहे. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, फुटतात, तेव्हा तोड बंद. कोवळी काठी तोडायची नाही, बेट पूर्ण उघडं करायचं नाही. कुठल्या ग्रामसभेनं हे नियम ठरावात लिहिले आहेत, कुठे ते फक्त तोंडी आहेत आणि कुठे ठेकेदाराच्या घाईत मोडले गेले, याची तुलना करता येते.

अमरावती जिल्ह्यातलं, मेळघाटच्या पायथ्याचं पायविहीर हे आणखी एक चांगलं उदाहरण. तिथे उजाड माळ होता. २०१२ साली सुमारे १९२ हेक्टरांवर हक्क मिळाला, गावानं राखण केली, झाडं लावली, आणि पुढे तिथली सीताफळं 'नॅचरल्स मेळघाट' या नावानं मुंबईपर्यंत गेली. इथे क्रम उलटा आहे. आधी जंगल उभं करावं लागलं, धंदा मागून आला. मेंढा आणि पायविहीर यांना एकाच तक्त्यात घालताना हा फरक हरवू देऊ नका.

जंगलाबाहेरही हा विषय आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या पद्मश्री राहीबाई पोपेरे यांच्यामुळे गावरान बियाण्यांची राखण सगळ्यांना माहीत झाली. बियाणं जपणं आणि बियाणं विकणं यांत नातं काय, हाही तितकाच मोठा प्रश्न आहे. पण इथे मी जंगलापुरतंच बोलतो.

३. प्रश्न नीट मांडा

पहिल्या मसुद्यात सगळ्यांचा प्रश्न साधारण असा असतो : 'वनोपज उद्योगामुळे आदिवासी महिलांचं सक्षमीकरण झालं का?' याचं उत्तर कोणीही हो असंच देईल, कारण विचारणाऱ्याला काय हवं आहे ते दिसतं.

त्याऐवजी हे विचारून पाहा. या जंगलातलं काय तुम्ही विकत नाही? का? ते कोणी ठरवलं? तो नियम कधी मोडला गेला का, आणि मोडला तेव्हा काय झालं? ज्या वर्षी भाव दुप्पट झाला त्या वर्षी नियम टिकला का?

न विकण्याची कारणं ऐकताना डोळे उघडतात. काही झाडं देवाची असतात, देवराईतली असतात. काही वस्तू पाहुण्यासाठी, बाळंतिणीसाठी, पावसाळ्यातल्या भुकेसाठी राखलेल्या असतात. माडिया-गोंड भागात नव्या फळाची पूजा, पंडुम, झाल्याशिवाय ते फळ खात नाहीत. मरका पंडुम आंब्याचा. बाहेरच्याला तो फक्त सण दिसतो. पण पूजेपर्यंत आंबा झाडावरच राहतो, पिकतो, हेही त्यातून घडतं. अर्थात, लगेच 'सण म्हणजे संवर्धनाचं तंत्र' असं लिहून टाकू नका. लोक पूजा पेनासाठी, म्हणजे देवासाठी, करतात, तुमच्या प्रकरणासाठी नव्हे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्या दोन्ही लिहा.

सामाईक संसाधनं लोक स्वतःचे नियम करून टिकवू शकतात, हे जगभरच्या उदाहरणांवरून मांडणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मेंढ्याला हक्क मिळाला तेच वर्ष. त्यांची आठ तत्त्वं मार्गदर्शकांना आवडतात आणि विद्यार्थी ती तपासयादीसारखी वापरतात : हे आहे, हे नाही, गुण आठपैकी सहा. तसं करू नका. गावाचे नियम आधी गावाच्या शब्दांत लिहून काढा, चौकट मागून लावा.

४. परवानगी, आणि परवानगी म्हणजे काय

विद्यापीठाच्या नैतिकता समितीचा अर्ज भरा. पण तो विद्यापीठासाठी असतो. गावासाठी ग्रामसभेसमोर उभं राहावं लागतं.

आधी गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला भेटून पुढची ग्रामसभा कधी आहे ते विचारा. एक पानी मराठी निवेदन न्या. त्यात कोण आहात, कुठल्या संस्थेचे, काय शोधायचं आहे, किती दिवस राहणार, कोणाशी बोलणार, पैसे कोणाचे, शेवटी गावाला काय देणार हे सगळं असू द्या. मोठ्यानं वाचा. गोंडी-माडिया बोलणारं गाव असेल तर कोणाला तरी सांगायची विनंती करा. मग गप्प बसा. चर्चा लांबेल. मेंढ्यासारख्या गावात निर्णय बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं होतात, त्यामुळे एकाचा जरी आक्षेप असला तरी बोलणं चालू राहतं. थांबा. 'नाही' आलं तर ते उत्तर मान्य करा आणि तेही नोंदवा.

ठराव झाला तर त्याची प्रत मागा. वनहक्काच्या नियमांनुसार ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश महिला हव्यात. तुमच्या परवानगीच्या सभेत बायका किती होत्या, त्या बोलल्या का, हेही टिपून ठेवा.

आता यामागचं कारण सांगतो. डिसेंबर १९८७ मध्ये केरळच्या अगस्त्यमलै डोंगरांत शास्त्रज्ञांचा एक गट फिरत होता. बरोबर काणी जमातीचे वाटाडे होते. शास्त्रज्ञ दमले, वाटाडे मात्र ताजेतवाने. ते अधूनमधून एक लहान फळ खात होते. विचारल्यावर त्यांनी आढेवेढे घेतले, कारण हे ज्ञान बाहेर सांगायचं नसतं. अखेर सांगितलं. ती वनस्पती आरोग्यपच्चा. तिच्यापासून 'जीवनी' हे औषध तयार झालं. १९९५ मध्ये ते बनवण्याचा परवाना कोईमतूरच्या एका औषध कंपनीला दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन या अटीवर दिला गेला, आणि त्यातला निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरलं. १९९७ मध्ये त्यासाठी काणींचा न्यास स्थापन झाला. लाभवाटपाचं उदाहरण म्हणून हे जगभर सांगितलं जातं. पण सगळ्या काणींना विचारलं होतं का? नव्हतं. त्यांच्यातल्या काही वैदूंनी उघड विरोध केला. दोन-तीन माणसांनी सांगितलेलं ज्ञान सगळ्या जमातीचं होतं.

तुम्ही औषध शोधायला निघालेला नाहीत, हे मला माहीत आहे. तरीही तुमच्या वहीत अशा नोंदी येणारच. म्हणून आधीच ठरवा : औषधी वनस्पतींचे नेमके ठिकाण, वैदूच्या औषधाची कृती, देवराईचा नकाशा प्रबंधात जाणार नाही. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, गावाची लोकजैवविविधता नोंदवही असते, वनहक्क कायद्यातही पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क मान्य केला आहे. परदेशी विद्यापीठात शिकत असाल किंवा परदेशी निधी असेल, तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम तुमच्या मार्गदर्शकांबरोबर बसून आधी वाचा. नमुने गोळा करून झाल्यावर वाचण्यात अर्थ नाही.

५. हंगाम पाहून जा

उन्हाळी सुट्टीत पंधरा दिवस मिळाले म्हणून गेलो, असं करून चालत नाही. मार्च-एप्रिल मोहाचा. मे तेंदूचा. ऑक्टोबरनंतर बांबूतोड. पावसाळ्यात शेती, आणि तेव्हा लोकांकडे तुमच्यासाठी वेळ नसतो, पण जंगल अन्न म्हणून काय देतं ते पाहायची तीच वेळ.

मोहाची एक सकाळ जरूर पाहा. फुलं रात्री-पहाटे गळतात. अंधारातच बायका टोपल्या घेऊन निघतात, मुलं मागे. प्रत्येक झाड बहुधा ठरलेल्या कुटुंबाचं असतं, झाड जंगलात असलं तरी. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून किंवा जाळून साफ केलेला असतो, फुलं स्वच्छ दिसावीत म्हणून. ही जाळलेली वर्तुळं नीट पाहा. वारा सुटला की वणवा इथूनच जातो. काही गावांत आता झाडाखाली जाळी बांधतात, म्हणजे जाळायची गरज राहत नाही आणि फूलही मातीत पडत नाही. जाळीचा खर्च कोणी केला, कोणी वापरायला नकार दिला आणि का, हे विचारा. बाई वाकून वाकून एकेक फूल उचलते. तुम्हीही तासभर उचला. कंबर काय सांगते ते समजल्यावर 'संकलनाचा श्रमखर्च' हा रकाना तुम्ही वेगळ्या हातानं भराल.

मग फुलं वाळवायची, साठवायची. इथे धंद्याची खरी गाठ आहे. नड असलेलं कुटुंब वाळल्या वाळल्या व्यापाऱ्याला देतं, आणि पावसाळ्यात तेच मोह चढ्या भावानं विकत आणतं. साठवायला कोठी आणि हातात चार पैसे असले तर हे टळतं. महिला बचत गट किंवा ग्रामसभा नेमकं इथेच काही करते का, ते पाहा. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये वनधन केंद्रांची योजना सुरू केली, त्याआधी गौण वनोपजाला किमान आधारभूत किंमत जाहीर केली. योजना कागदावर काय आहे ते सगळे लिहितात. तुमच्या गावाच्या आठवडी बाजारात त्या दिवशी भाव काय होता, ते तुम्ही लिहा.

६. मोजमाप

गावात वजन कमी, माप जास्त. पायलीनं मोह मोजतात, आणि एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीइतकी असेलच असं नाही. व्यापाऱ्याची पायली तर तिसरीच. साधा तराजू बरोबर न्या, प्रत्येक गावचं माप एकदा तोलून घ्या. ओलं फूल आणि वाळलेलं फूल वेगळं लिहा.

तेंदूचा हिशोब सुटसुटीत आहे. सत्तर पानांचं एक पुडकं. शंभर पुडक्यांचा शेकडा. हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. पहाटे पानं आणायची, दुपारभर घरातल्या सगळ्यांनी बसून पानं जुळवायची, वाकानं पुडकी बांधायची आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं घेण्याच्या केंद्रावर, मोजून द्यायची. फळीवर एक माणूस वही घेऊन बसलेला असतो. कार्डावर नाव बहुधा कुटुंबप्रमुखाचं, पानं बहुधा बायका-मुलांनी तोडलेली. 'उत्पन्न कोणाचं' हा रकाना भरताना वही आणि घर दोन्ही पाहिलंत का, एवढंच विचारेन.

तेंदूत दोन पैसे वेगळे असतात : तोडणाऱ्याची मजुरी आणि ग्रामसभेला मिळणारी रॉयल्टी. मुलाखतीत लोक दोन्ही मिळून एकच आकडा सांगतात. वेगळे करून घ्या. रॉयल्टी कुटुंबांत वाटली, की काही भाग जंगलाच्या राखणीला ठेवला? राखणदाराला रोज दिला, वणवारेषा काढल्या, गोदाम बांधलं? जंगल राखणं आणि त्यावर धंदा करणं या सुरुवातीच्याच निर्णयाला इथे पैशाचं रूप येतं.

७. ग्रामसभेच्या वह्या वाचायला शिका

ठरावबुक, रोकडवही, बँक पासबुक, ठेकेदाराशी केलेला करारनामा, वाहतूक परवाने. परवानगी मिळाली तर हे सगळं पाहायला मिळतं, पण प्रत काढायची मुभा वेगळी मागा.

एक गोष्ट तुम्हाला चक्रावून टाकेल. ग्रामसभा ही कंपनी नाही, सहकारी संस्था नाही, संस्था नोंदणीतली संस्थाही नाही. तरी ती लिलाव करते, करार करते, लाखांची उलाढाल करते. तिला पॅन लागतं, जीएसटीचा प्रश्न येतो, बँकेत फॉर्मवर 'मालक' या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न येतो. व्यवस्थापनाचे विद्यार्थी इथे येऊन संस्थापक शोधतात. संस्थापक सापडत नाही, कारण मालक म्हणजे गावातला प्रत्येक प्रौढ माणूस. या अडचणी गावानं कशा सोडवल्या, सनदी लेखापाल कुठून आणला, शेजारच्या ग्रामसभांबरोबर एकत्र येऊन लिलाव केला का, यावर फार कमी लिहिलं गेलं आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या कोरचीत अनेक ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली आहे. एकेकट्या गावापुढे ठेकेदार भाव पाडतो, पन्नास गावं एकत्र बसली की बोलणं बदलतं.

ठेकेदारानं पैसे थकवल्याच्या कथाही ऐकू येतील. त्या लिहा, पण कागद पाहून. एका बाजूचं ऐकून नावानिशी लिहिलंत तर त्रास तुम्हाला होणार नाही, गावाला होईल.

८. जंगलात एकट्यानं जाऊ नका, आणि एकट्यानं मोजू नका

जंगल सुधारलं की बिघडलं, हे विचारून कळत नाही, मोजावं लागतं. साधे चौकोनी नमुने आखा, रोपं मोजा, बांबूच्या बेटातल्या नव्या-जुन्या काठ्या मोजा, वणव्याच्या खुणा टिपा. शेजारच्या, हक्क न मिळालेल्या जंगलातही तेच करा, नाहीतर तुलना कशाशी करणार? दोन हंगाम तरी मोजा.

हे गावातल्या लोकांसोबतच करा आणि त्यांच्या वेळेचा मोबदला द्या. मेंढ्यात अभ्यास गट आहेत. गावकरी आणि बाहेरचे लोक एकत्र बसून एखाद्या विषयाचा अभ्यास करतात, पण निर्णयाचा अधिकार गटाकडे नसतो, तो ग्रामसभेकडेच. तुमच्या गावात असा गट असेल तर त्यात बसण्याची परवानगी मागा. तुमचा प्रश्न गटानं बदलला तर बदलू द्या. माझ्याबरोबर आलेल्या एका विद्यार्थिनीनं मोहाच्या झाडांची संख्या मोजायचं ठरवलं होतं. गटातल्या बायका म्हणाल्या, झाडं आम्हाला माहीत आहेत, नवी रोपं का येत नाहीत ते मोज. तिनं तेच मोजलं, आणि जाळलेल्या वर्तुळांपाशी रोपं जवळजवळ नव्हतीच.

९. परत जाण्याची तारीख आधी ठरवा

२०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता प्रसिद्ध केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि योग्य प्रक्रिया अशी तिची सूत्रं आहेत. वचन देऊन न पाळणारे संशोधक त्यांनी इतके पाहिले होते की लेखी नियम करावे लागले. आपल्याकडेही गावात विचारलं तर लोक बोटं मोजतात : अमके आले होते, फोटो काढले, गेले.

म्हणून प्रबंध सादर होण्याआधी गावात जा. कच्चे निष्कर्ष मोठ्या कागदावर मराठीत लिहून न्या, तक्ते साधे ठेवा. वैयक्तिक उत्पन्नाचे आकडे त्यांत नकोत. नावं छापायची की नाही हे ज्याचं त्याला विचारा. काहींना आपलं नाव हवं असतं, आणि ते हक्कानं हवं असतं. 'प्रतिसादक क्रमांक १४' म्हणून विरघळून जाणं त्यांना पटत नाही.

ग्रामसभेत कागद भिंतीला लावला की सुरुवातीला शांतता असते. मग कोणीतरी उठून बोट ठेवतं : हा आकडा बरोबर नाही, त्या साली मे महिन्यातच पाऊस आला, फळी चारच दिवस चालली. पेन खिशात ठेवू नका. तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर तो आकडा खोडा, त्यांनी सांगितलेलं कारण शेजारी लिहा, आणि प्रबंधातल्या त्या तक्त्याखाली नोंद द्या की ही दुरुस्ती ग्रामसभेनं केली, अमुक तारखेला.